प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. आता उपचार कोणता घ्यावा?



साठी उलटलेल्या आपल्या मंडळींची एक जुनी सवय आहे. रात्री चार-चार वेळा उठावे लागते, लघवीची धार बारीक झालेली असते, सुरू व्हायलाच वेळ लागतो, तरी "वय झालं, चालायचंच" म्हणून दिवस ढकलायचे. ऊस तुटून गेला की दाखवू, मग बिल आल्यावर दाखवू, मग खोडव्याला खत घालून झाल्यावर दाखवू! अशात एखाद्या रात्री लघवी पूर्ण तुंबते, तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन नळी घालावी लागते आणि तेथून तपासण्या सुरू होतात. बहुतेकांच्या बाबतीत ती साधी ग्रंथीवाढ निघते. ती कर्करोग नव्हे आणि तिचे पुढे कर्करोगात रूपांतरही होत नाही. परंतु काहींच्या रिपोर्टात 'कार्सिनोमा' हा शब्द येतो आणि घरातले वातावरणच बदलून जाते.

हा लेख त्या दुसऱ्या मंडळींसाठी आहे. डॉक्टरांची जागा घेण्याचा आमचा मुळीच विचार नाही. पण डॉक्टरसाहेब जेव्हा विचारतात, "ऑपरेशन करायचं, लाईट घ्यायची, की थांबायचं?" तेव्हा समोर बसलेल्या माणसाला प्रश्न तरी नीट कळावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

प्रोस्टेट किंवा पौरुष ग्रंथी ही फक्त पुरुषांना असते. आकार अक्रोडाएवढा, जागा मूत्राशयाच्या खाली. लघवीची नळी तिच्या मधूनच जाते. नळीच्या झडपेचा स्नायू तिच्या खालच्या टोकाशी असतो, इंद्रियाला ताठरता देणाऱ्या नसा तिच्या दोन्ही अंगांनी जातात आणि गुदाशय तिच्या पाठीला लागून असतो. हा शेजार लक्षात ठेवा. पुढे उपचारांचे जे काही त्रास आहेत ते या शेजाऱ्यांना लागणाऱ्या धक्क्याचेच आहेत.

पहिली गोष्ट, घाबरून घाई करू नये. कर्करोग म्हटले की उद्याच ऑपरेशन टेबलावर घेतले पाहिजे असे वाटते. हा रोग मात्र बहुतेक वेळा सावकाश वाढणारा आहे. दुसऱ्याच कारणाने वारलेल्या वृद्धांच्या शवविच्छेदनात कित्येकांच्या प्रोस्टेटमध्ये कर्करोगाच्या पेशी सापडतात. त्यांना जन्मभर त्याचा पत्ताही नसतो. रोग ग्रंथीपुरताच असेल तर दोन-चार आठवडे विचाराला, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला खुशाल मिळतात. मात्र एक अपवाद काळजावर कोरून ठेवा. पाठीत सतत दुखते आहे आणि एकाएकी पायातली शक्ती जाऊ लागली, पाय बधिर झाले किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर रोग मणक्यात उतरून मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. तेथे तासांचा हिशेब असतो. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. पाठ धरली म्हणून मालीश करीत बसलेला माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो.

आता रिपोर्ट कसा वाचावा ते पाहू. पी.एस.ए. म्हणजे या ग्रंथीने तयार केलेले एक प्रथिन. रक्तात ते किती उतरले आहे ते मोजतात. ४ च्या वर गेले की पुढची चौकशी करण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. पण आकडा नुसत्या ग्रंथीवाढीनेही वाढतो, लघवीच्या जंतुसंसर्गाने वाढतो, नळी घातल्यानेही वाढतो. तेव्हा एकट्या पी.एस.ए.वर कोणी कर्करोग ठरवीत नाही. उलट बाजूही आहे. ग्रंथीवाढीसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी सहा महिने-वर्षभर चालू असेल, तर पी.एस.ए. जवळजवळ निम्मे दिसते. म्हणजे कागदावरचे ३ हे खरे पाहता ६ असते. आपण कोणत्या गोळ्या घेतो त्यांची पाकिटेच खिशात घालून न्यावीत. "ती पांढरी, बारकी गोळी" असे सांगून डॉक्टरांना काही कळत नाही.

निदान पक्के होते ते बायॉप्सीने, म्हणजे सुईने ग्रंथीचे दहा-बारा बारीक तुकडे काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. काहींचा रोग लघवी मोकळी करण्याच्या ऑपरेशनमध्ये खरवडून काढलेल्या भागातही सापडतो. त्या रिपोर्टावर 'ग्लिसन' असा शब्द असतो. डोनाल्ड ग्लिसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९६६ साली ही पद्धत मांडली. पेशींची ठेवण किती बिघडली आहे त्याला गुण द्यायचे, सर्वांत जास्त दिसणाऱ्या ठेवणीचा एक आकडा व दुसरीचा एक, आणि दोहोंची बेरीज करायची. व्यवहारात ही बेरीज ६ ते १० असते. ६ म्हणजे सौम्य, ७ मधला, ८ ते १० जहाल. त्यातही ३ + ४ आणि ४ + ३ यांची बेरीज सातच येते, पण दुसरा प्रकार जास्त जोराचा, कारण त्यात वाईट ठेवण बहुसंख्य असते. आमचे म्हणणे असे की बेरीज तेवढी पाठ करू नये, दोन्ही आकडे लिहून घ्यावेत.

पी.एस.ए., ग्लिसन आणि बोटाने केलेल्या तपासणीत व एम.आर.आय.मध्ये गाठ कोठवर दिसते, या तिन्हींवरून धोक्याची प्रतवारी ठरते. पी.एस.ए. १० च्या आत, ग्लिसन ६ आणि गाठ छोटी असेल तर धोका कमी. पी.एस.ए. १० ते २० किंवा ग्लिसन ७ असेल तर मध्यम. पी.एस.ए. २० च्या वर, ग्लिसन ८ च्या पुढे किंवा गाठ ग्रंथीचे कवच फोडून बाहेर आलेली, तर धोका जास्त. या वरच्या प्रतीत हाडांचा स्कॅन, सी.टी. किंवा पेट स्कॅन करून रोग बाहेर पसरला आहे का ते पाहतात. आपली प्रत कोणती हे कळल्याशिवाय कोणत्याही उपचाराला 'हो' म्हणू नये. आणि एक करावे. बायॉप्सीच्या काचा आणि मेणाचे ठोकळे प्रयोगशाळेकडून मागून घ्यावेत. मोठ्या कर्करोग रुग्णालयात त्या पुन्हा तपासतात. ग्लिसनचा आकडा तपासणाऱ्याच्या नजरेवर असतो, दुसऱ्या नजरेत तो कधी कधी बदलतो आणि त्याबरोबर उपचारही बदलतो.

येथे घरच्या मंडळींना एक सांगावयाचे आहे. "म्हाताऱ्याला सांगू नका, हाय खाईल" म्हणून रोग लपवण्याची आपल्याकडे रीत आहे. हेतू चांगला असतो हे आम्हांस मान्य आहे. पण या रोगाच्या उपचारात लघवीवरचा ताबा, पती-पत्नीचे संबंध, अंगातली ताकद या सगळ्यांची देवाणघेवाण आहे. ज्याच्या शरीराचा हा सौदा आहे त्यालाच अंधारात ठेवून मुलगा आणि जावई कागदावर सही करतात, हे आम्हांस तरी पटत नाही. मालकीणबाईंनाही डॉक्टरांकडे बरोबर न्यावे. बाहेरच्या बाकावर पिशव्या सांभाळत बसवू नये.

रोग ग्रंथीपुरताच असेल तर तीन मार्ग आहेत : नजर ठेवणे, ऑपरेशन आणि किरणोपचार.

नजर ठेवणे हा मार्ग ऐकला की माणूस चमकतो. कर्करोग आहे आणि औषध नाही? पण आपणांस २००२ साल आठवत असेल. उसावर लोकरी मावा आला तेव्हा काहींनी दिसेल ते औषध फवारले. आणि काहींनी प्लॉटमध्ये फिरून मावा किती, त्याला खाणारे डिफा आणि मायक्रोमस किती, हे पाहून निर्णय घेतला. न फवारणारे सगळेच काही आळशी नव्हते. कमी धोक्याच्या कर्करोगाचेही असेच आहे. दर तीन ते सहा महिन्यांनी पी.एस.ए., ठरावीक काळाने एम.आर.आय. आणि पुन्हा बायॉप्सी, आणि रोगाने मान वर काढली तर तेव्हा ऑपरेशन किंवा किरण. यात अट एकच, तारखा चुकवायच्या नाहीत. ज्याला हंगामात दवाखान्याची आठवण राहात नाही, त्याने हा मार्ग घेताना घरातल्या एकाला जबाबदार धरावे. आणि ज्याला "आत काहीतरी आहे" या विचाराने झोपच लागणार नाही, त्याच्यासाठी कागदावर बरोबर असलेला हा मार्ग व्यवहारात अवघड जातो.

दुसरा मार्ग ऑपरेशनचा. संपूर्ण ग्रंथी काढून मूत्राशय व लघवीची नळी पुन्हा जोडतात. आठवडा ते दोन आठवडे नळी राहते, पुढे काही आठवडे वजन उचलायचे नाही, मोटारसायकल-ट्रॅक्टर नाही. नसा वाचवून ऑपरेशन करण्याची रीत अमेरिकेतील डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ साली दाखवून दिली. तरीसुद्धा सगळ्यांच्या नसा वाचतात असे नाही. गाठ नसांच्या जवळ असेल तर त्या सोडाव्याच लागतात. ऑपरेशननंतर पी.एस.ए. जवळजवळ शून्यावर आले पाहिजे. ते पुन्हा चढू लागले तर त्या जागेला किरण देण्याचा पर्याय शिल्लक राहतो. उलट क्रमाने, म्हणजे आधी किरण आणि मग ऑपरेशन, हे काम फार अवघड असते.

तिसरा मार्ग किरणोपचाराचा, ज्याला बरेचजण 'लाईट घेणे' म्हणतात. पूर्वी सात-आठ आठवडे रोज जावे लागे. इंग्लंडमधील मोठ्या अभ्यासाने २०१६ मध्ये दाखवले की चार आठवड्यांत २० वेळा दिलेले किरणही तितकेच काम करतात. काही निवडक रुग्णांना तर आता पाचच बैठकांत उपचार देतात. शहरात खोली घेऊन राहणाऱ्याला हा फरक केवढा आहे हे सांगायला नको. तेव्हा "साहेब, माझ्या बाबतीत कमी बैठकांचा कोर्स चालेल का?" हे जरूर विचारावे. किरण घेताना भूल नाही, चिरफाड नाही, त्यामुळे हृदयविकार असलेल्यांना किंवा वयस्करांना हा मार्ग झेपतो. मात्र धोका मध्यम असेल तर बहुतेक वेळा सहा महिने, आणि जास्त असेल तर दीड ते तीन वर्षे हार्मोन कमी करणारी इंजेक्शने जोडीला घ्यावी लागतात. किरण म्हणजे नुसते किरण, असे समजून होकार देऊ नये.

मग यांत श्रेष्ठ कोणता? हा प्रश्न ब्रिटनमध्ये नीट पद्धतीने तपासला गेला. १९९९ ते २००९ या काळात पी.एस.ए. तपासणीतून रोग सापडलेल्या, ५० ते ६९ वयाच्या १६४३ पुरुषांची चिठ्ठी टाकल्याप्रमाणे तीन गटांत विभागणी केली : एका गटावर नजर, एकाला ऑपरेशन, एकाला किरण. पंधरा वर्षांचा निकाल २०२३ मध्ये जाहीर झाला. प्रोस्टेटच्या कर्करोगाने मरण पावलेले नजर ठेवलेल्या गटात शंभरात सुमारे ३, किरणांच्या गटात सुमारे ३ आणि ऑपरेशनच्या गटात सुमारे २. म्हणजे जवळजवळ सारखेच. या काळात इतर सर्व कारणे धरून शंभरातले सुमारे २२ जण वारले. फरक पडला तो दुसरीकडे. रोग दूर पसरण्याचे प्रमाण नजर ठेवलेल्या गटात शंभरात ९, तर उपचार घेतलेल्यांत ५ होते. आणि नजर ठेवलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांनी पंधरा वर्षांत केव्हा ना केव्हा ऑपरेशन किंवा किरण घेतलेच.

त्रासांचा हिशेबही त्यांनी ठेवला. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के लोक लघवी गळते म्हणून पॅड वापरीत होते. सहा वर्षांनी ते प्रमाण १७ टक्के होते, किरण घेतलेल्यांत ४ टक्के. संबंधाला पुरेशी ताठरता सहा महिन्यांनी नजर ठेवलेल्यांपैकी ५२ टक्के, किरण घेतलेल्यांपैकी २२ टक्के आणि ऑपरेशन झालेल्यांपैकी फक्त १२ टक्के लोकांत उरली होती. पुढे हा फरक थोडा कमी झाला. वयाने सगळेच खाली येतात. किरणांचा स्वतःचा त्रास म्हणजे संडासवाटे रक्त जाणे, वारंवार लागणे, जळजळ होणे. लघवीच्या स्नायूंचा व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासून शिकून घेतला तर गळती लवकर आटोक्यात येण्यास मदत होते. तो फुकट आहे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नये!

एक सावधगिरीची सूचना. त्या अभ्यासातले बहुतेक लोक काहीही त्रास नसताना तपासणीत सापडलेले, कमी किंवा मध्यम धोक्याचे होते. आपल्याकडे माणूस पुष्कळदा त्रास वाढल्यावर दवाखान्याची पायरी चढतो. ग्लिसन ९ असलेल्याने हे आकडे वाचून घरी बसू नये. तेथे उपचार हवाच आणि तो जोरकस हवा. उलट ऐंशीच्या घरातला माणूस, हृदय अधू, रोग सौम्य, त्रास नाही. अशा वेळी काहीच न करता त्रास झाला तरच औषध देणे हाही डॉक्टरी निर्णयच आहे. पुढची दहा वर्षे तरी आयुष्य धरून चालता येईल का, हा प्रश्न डॉक्टर मनात धरूनच सल्ला देतात. आपणही तो मोकळेपणाने विचारावा.

आता रोबोटविषयी. अलीकडे आमच्या कानावर वारंवार येते की रोबोटचे ऑपरेशन करायचे म्हणून अमक्याने विहिरीजवळचे वीस गुंठे काढले. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे रोबोटचे आणि पूर्वापार पोट उघडून केलेले ऑपरेशन यांची समोरासमोर तुलना झाली. रोबोटने रक्तस्राव कमी, दवाखान्यातले दिवस कमी. पण २०१८ साली दोन वर्षांचा निकाल आला तेव्हा लघवीचा ताबा आणि संबंधांची क्षमता दोन्हींत सारखीच निघाली. यंत्र चांगले आहे, प्रश्न यंत्राचा नाही. यंत्रामागचा हात किती सरावलेला आहे हे जास्त महत्त्वाचे. "साहेब, आपण वर्षाला अशी किती ऑपरेशने करता?" असे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. जमीन विकण्याच्या आधी तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

रोग हाडांत पसरला असेल तर ग्रंथी काढून तो संपत नाही. तेथे पाया हार्मोन कमी करण्याचा. या कर्करोगाचे खाद्य म्हणजे पुरुषी हार्मोन, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हार्मोन बंद करण्याचे दोन मार्ग आहेत : महिन्याने किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन, किंवा एकदाच छोटे ऑपरेशन करून वृषण काढणे. परिणाम सारखाच. इंजेक्शनला पैसा आणि तारखेची शिस्त लागते; ऑपरेशन स्वस्त आणि कायमचे. तरी पुष्कळजण ऑपरेशनला नकार देतात, कारण "बैलासारखं खच्ची केलं" हे शब्द मनाला लागतात. त्यांच्या मनाचा आम्ही मान राखतो. परंतु इंजेक्शननेही शरीरात तेच घडते हे माहीत असावे, आणि उधार काढून दोन इंजेक्शने घेऊन तिसरे चुकवण्यापेक्षा एकदाचे ऑपरेशन कितीतरी बरे. दोन्हींत इच्छा कमी होते, अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, वजन व साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. चालणे, थोडी अंगमेहनत चालू ठेवणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने कॅल्शियम व ड जीवनसत्त्व घेणे हे त्यावरचे उपाय.

नुसत्या हार्मोनवर थांबण्याचे दिवस मात्र मागे पडले आहेत. सुरुवातीलाच जोडीला डोसेटॅक्सेलची सलाईन किंवा ॲबिराटेरोनच्या गोळ्या दिल्या तर आयुष्य वाढते, हे २०१५ ते २०१७ मधील अभ्यासांनी दाखवले. या गोळ्यांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्या मिळतात. पसरलेला रोग आहे आणि डॉक्टर फक्त इंजेक्शन देत आहेत, तर "जोडीचे औषध मला का नको?" हे विचारावे. कारण असेलही, पण ते आपल्याला समजले पाहिजे.

उपचार कोठे घ्यावा? परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आहेच. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे, आणि तेथील ग्रामीण कर्करोग नोंदणीचे काम १९८७ पासून चालते. जवळपास किरणांचे यंत्र असलेले रुग्णालय असेल तर रोजच्या फेऱ्यांसाठी तेच सोयीचे. शक्यतो ऑपरेशन करणारे आणि किरण देणारे अशा दोन्ही डॉक्टरांना भेटल्याशिवाय ठरवू नये. प्रत्येकाला आपल्या हातातले अवजार जवळचे वाटते, यात त्यांचा दोष नाही.

पैशाच्या बाबतीत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण झाले आणि पांढऱ्या शिधापत्रिकेवाल्यांनाही तिचा दरवाजा उघडला. वय ७० च्या वर असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. आपला नेमका उपचार यादीत बसतो की नाही, हे योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्यावे. आधी रोख भरून मागाहून योजना लावण्याचा प्रयत्न सहसा फसतो. शिधापत्रिका आणि आधारकार्डावरचे नाव एकसारखे आहे का तेही घरीच पाहून ठेवा. किरणांच्या तारखा हंगामात येत असतील तर आपल्या गट ऑफिसात आगाऊ कळवावे, म्हणजे तोडीच्या पाळीचे काही जमते का ते शेतकी विभागाला वेळेत पाहता येईल.